कुपनचं पीठ

व्हर्ना पॅलकोला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती कुठल्याही दुकानात मिळत नव्हती. आमच्या चर्चच्या तळघरात कणकेचं एक टेबल आहे. त्या टेबलाशी तिला एक स्टूल हवं होतं.

टेबल लांब आहे, वर पत्रा ठोकलेला. उपवासकाळात दर गुरुवारी त्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसतात आणि पिरोही करतात. पिरोही म्हणजे स्लोव्हाक लोकांची उकडलेली करंजी म्हणा; आत कुस्करलेला बटाटा आणि चीज, वर लोण्यात परतलेला कांदा. शुक्रवारी मांस चालत नाही, त्यामुळे सगळं गाव, कॅथलिक असो नसो, दुपारपासून आमच्या दाराशी रांग लावतं. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून चर्च ऊबदार ठेवणारा बॉयलर या पिरोहींवरच चालत आला आहे. नदीच्या आमच्या बाजूची दोन चर्चं बिशपांनी तोवर कुलूप लावून बंद केली होती, म्हणून पिरोहीचा विषय आमच्याकडे कुणी हसण्यावारी नेत नसे.

टेबल सगळ्यांचं आहे, असं फादर मिहालिक म्हणत. फादर नवीन होते. टेबल ओल्गा हुडाकचं होतं. गावातले सगळे तिला तेता म्हणत, म्हणजे आपल्याकडे मावशी म्हणतात तसं, आणि तिचे स्वतःचे भाचेही तिला थोडे घाबरूनच तेता म्हणत. कणीक ती मळायची. कुणी कुठे बसायचं ते ती ठरवायची. टेबलावरच्या प्रत्येक बाईचं एक कडं असे. एखादा छोटा पत्र्याचा डबा दोन्ही बाजूंनी कापून, धार घासून बोथट केलेला. त्याने लाटलेल्या पोळीतून गोल पाडायचे. काम झालं की कडी धुऊन भिंतीवरच्या खिळ्यांना टांगत. खिळे मोजून ठोकलेले होते. एखादी बाई वारली की खिळा रिकामा होई आणि ओल्गा तो कुणाला द्यायचा याचा विचार करी.

व्हर्नाचा विचार तिने कधी केला नाही. व्हर्ना नदीपलीकडची, जन्माने प्रेस्बिटेरियन. अँडी पॅलकोशी लग्न करून इकडे आली, कॅथलिक झाली, मुलांना स्लोव्हाकमध्ये प्रार्थना शिकवल्या, आणि तीस वर्षं बटाटे सोलत राहिली. मी तिच्या शेजारी बसून बटाटे सोलत असे. मी तर समुद्रापलीकडची, वसईची. माझ्याकडून कुणी स्लोव्हाक कणकेची अपेक्षा ठेवली नव्हती आणि मीही ठेवली नव्हती. व्हर्नाने ठेवली होती. एकदा एक खिळा रिकामा झाला तेव्हा कुणीतरी तिचं नाव काढलं. ओल्गा म्हणाली, "व्हर्ना चांगली बाई आहे. पण तिचे हात बटाट्याचे आहेत." व्हर्नाने स्वतःच्या हातांकडे एकदा पाहिलं आणि पुढचा बटाटा उचलला.

कुपनांचा नाद तिला कारखान्याने लावला. अँडी भट्टीवर होता. भट्टी थंड झाली तसा तो घरी बसला, आणि शाळेच्या खानावळीतल्या व्हर्नाच्या पगारावर चौघांना जेवायचं होतं. रविवारच्या वर्तमानपत्रातून सवलतीच्या कुपनांची रंगीत पानं खाली पडतात; कुपन गल्ल्यावर दिलं की तेवढी किंमत कमी होते. बाकीचे लोक ती पक्ष्याच्या पिंजऱ्यात अंथरतात. व्हर्ना ती कापू लागली. पुढे अँडीला दुसऱ्या गावात काम मिळालं, मुलं मोठी होऊन गेली, पण कात्री थांबली नाही. तिच्या तळघरात फळ्या होत्या आणि फळ्यांवर टोमॅटो, घेवडा, पीठ, साखर, टूना माशाचे डबे, साबण असं सगळं शाळेतल्या मुलांसारखं रांगेत उभं असे. नवं आणलेलं मागे, जुनं पुढे. जेवणाला घ्यायचं ते पुढून. इतका माल असूनही ते तळघर भरलेलं वाटत नसे. मी एकदा तसं म्हटलं तर ती म्हणाली, "खाली उतरल्यावर भिंत दिसली पाहिजे, रेजिना. भिंत दिसेनाशी झाली की तो साठा नाही. तो आजार."

चर्चला पीठ पुरवणारे एक म्हातारे घाऊक व्यापारी होते. त्यांनी धंदा विकला आणि नव्या मालकाने नवे भाव कळवले. रविवारी मिसेची प्रार्थना संपल्यावर फादरनी ते भाव वाचून दाखवले, अगदी मयताची बातमी सांगावी तशा आवाजात. मग त्यांनी व्हर्नाला थांबवून विचारलं, की तिची ती कागदांची विद्या चर्चच्या उपयोगी पडेल का. व्हर्ना म्हणाली, एकटीने आणलं तर दुकानाची फळी रिकामी होईल, आणि फळी रिकामी करणं हे तिच्या नियमात बसत नाही. पण पुष्कळ जणींनी थोडं थोडं आणलं तर होईल. त्यासाठी आधी त्यांना शिकवावं लागेल.

असा वर्ग सुरू झाला. मंगळवारी, रोजरीच्या प्रार्थनेनंतर, चर्चच्या हॉलमध्ये. ऑक्टोबर चालू होता.

पहिल्या मंगळवारी व्हर्नाने सगळ्यांना कात्र्या आणायला सांगितल्या आणि मग बाजूला ठेवायला लावल्या. ती म्हणाली, आज कापायचं नाही. घरी जाऊन आठवडाभर आपण काय खातो ते बघायचं. जे आपण खात नाही त्याचं कुपन हे कुपन नसतं, जाहिरात असते. दोघी-तिघींना हे पटलं नाही आणि त्या कात्र्या घेऊन परत गेल्या.

दुसऱ्या वर्गात तिने थांबायला शिकवलं. कुपन आलं की लोक त्याच दिवशी दुकानात पळतात. कुपन येतं तेव्हा माल महाग असतो; छापणारे काही खुळे नाहीत. काही आठवडे कुपन सांभाळून ठेवायचं. मग तोच माल सेलमध्ये येतो. त्यात ब्रँडलच्या दुकानात लहान कुपनांची किंमत दुप्पट धरत. सेल आणि दुप्पट असं दोन्ही जुळेल त्या दिवशी कुपन बाहेर काढायचं. फळीवरचं शेवटचं कधी उचलायचं नाही, कारण मागून कुणीतरी येणार असतं आणि तिच्याही पाकिटात कुपन असतं. माल संपला असेल तर भांडायचं नाही, काउंटरवर चिठ्ठी मागायची. पुढच्या खेपेचा माल त्या चिठ्ठीवर जुन्याच भावात देतात. आपल्या कामाचं नसलेलं कुपन फेकायचं नाही. त्या वस्तूपाशी फळीवर ठेवून यायचं. कुणाचं तरी काम होतं. आणि गल्ल्यावरची मुलगी दमलेली दिसली तर दुसऱ्या रांगेत जायचं.

बर्नाडेट सॅबोल ही उत्साही विद्यार्थिनी. तिसऱ्या वर्गाला ती फुललेल्या चेहऱ्याने आली आणि मोहरीच्या सॉसच्या बाटल्या आपल्याला अगदी फुकट पडल्या असं तिने सांगितलं. किती, असं व्हर्नाने विचारलं नाही. बर्नाडेटच्या गाडीची डिकी बंद होत नव्हती ते आम्ही सगळ्यांनी बाहेर पाहिलं होतं.

"तुमच्याकडे मोहरी कोण खातं?" व्हर्नाने विचारलं.

"स्टीव्ह. सॉसेजवर लावून."

"आणि सॉसेज किती वेळा करतेस?"

"हल्ली नाहीच करत. डॉक्टरांनी बंद केलंय त्याचं."

"मग मोहरी फुकट नाही पडली, बर्नाडेट. तिने तुझं कपाट घेतलं."

स्टीव्ह सॅबोलने पुढची दोन वर्षं मोहरी उकडलेल्या अंड्यावर खाल्ली, मक्यावर खाल्ली, आणि एकदा सफरचंदावरही खाताना मी त्याला पाहिलं आहे.

ओल्गा पहिल्या मंगळवारपासून येत होती. ती शेवटच्या रांगेत कोट न काढता बसे. फादरनी गळ घातली म्हणून आपण येतो, असं तिने सगळ्यांना स्वतंत्रपणे सांगितलं होतं. उभ्या आयुष्यात तिने कुणाकडून एक पैशाची सूट घेतली नव्हती. तिच्या आईच्या काळी कंपनीच्या दुकानातून उधारीवर आणावं लागे, आणि काही स्वस्तात घेणं म्हणजे पुन्हा त्या दाराशी उभं राहणं, असा तिचा हिशोब होता. तिने एकच प्रश्न विचारला.

"कागद द्यायचा आणि पीठ न्यायचं. दुकानदार हसत नाही?"

"हसतो, तेता," व्हर्ना म्हणाली. "पण देतो."

नोव्हेंबरमध्ये कपड्यांच्या साबणाचा सेल लागला आणि त्याच आठवड्यात त्याची कुपनं दुप्पट होती. ओल्गा बर्नाडेटच्या गाडीतून ब्रँडलकडे गेली. पुढचं बर्नाडेटने मला सांगितलं. गल्ल्यावरच्या मुलीने ओल्गाचा कागद घेतला, "थँक यू, मॅम" म्हणाली आणि साबणाची मोठी बाटली जवळजवळ फुकट तिच्या हातात ठेवली. ओल्गा गाडीत येऊन बसली. बाटली मांडीवर घेतली. मग म्हणाली, "त्यांचं पलीकडच्या गावात अजून एक दुकान आहे ना?"

साबण तिच्या अंगात भिनला. दुसरा शब्द मला सुचत नाही. पीठही ती तिच्या वाट्याचं नियमाने आणत होती, पण साबण पाहिला की तिच्या डोळ्यांत काही वेगळंच यायचं. तिला एकच वास आवडे, लॅव्हेंडरचा. एकट्या बाईला किती कपडे धुवायचे असतात, असं तिला विचारायची हिंमत कुणी केली नाही.

पिठाचा हंगाम नाताळच्या आधी असतो. तेव्हा घरोघरी केक आणि अक्रोड भरलेले नट रोल होतात आणि दुकानं पीठ अगदी पडत्या भावात काढतात. आम्ही सगळ्यांनी तेव्हाच पीठ भरलं. चर्चचं तळघर दमट, म्हणून ज्याचं त्याने आपल्या घरी ठेवायचं आणि उपवासकाळ लागला की दर गुरुवारी दोघी-तिघींनी थोडं थोडं आणून कोठीत ठेवायचं, असं ठरलं. प्रत्येक पिशवीवर आणल्याची तारीख घालायला व्हर्नाने शिकवलं होतं. ओल्गाने तारखेखाली आपलं नावही घातलं, ठळक, पूर्ण आडनावासकट. चोर चर्चमध्येही येतात असं तिचं मत होतं.

साठा कुठे आणि कशाशेजारी ठेवायचा, हा धडा नाताळनंतरच्या मंगळवारी होता. त्या मंगळवारी इतकं बर्फ पडलं की शाळा बंद झाल्या आणि वर्गही रद्द झाला. पुढच्या मंगळवारी लोण्याचा सेल तोंडावर आला होता, म्हणून व्हर्नाने थेट लोणीच शिकवायला घेतलं.

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारनंतरच्या पहिल्या गुरुवारी बर्नाडेट आणि आणखी एकीचं पीठ वापरलं. पिरोही झाल्या, विकल्या गेल्या, उरल्या नाहीत. ओल्गा म्हणाली की पीठ पिठासारखंच होतं. त्यानंतर दोन दिवस व्हर्ना गुणगुणत असे.

दुसऱ्या गुरुवारी कोठीतून परातीत ओतून आलेल्या पिठाची ओल्गाने कणीक मळून फडक्याखाली झाकून ठेवली. मोठ्या पातेल्यांत बटाटे उकळत होते, खिडक्यांवर वाफ धरली होती. कणीक कोमट झाली, टेबलावर लाटायला घेतली. तेवढ्यात फादर मिहालिक जिना उतरून आले, दारात थांबले, त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "वा. आज इथे किती स्वच्छ वाटतंय."

त्या दिवशी कुणी काही साफ केलेलं नव्हतं.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणीतरी लाटलेली पोळी उचलून नाकाशी धरली. ओल्गाने एक पिरोही उकळत्या पाण्यात सोडायला सांगितली. ती वर आल्यावर बर्नाडेटने खाल्ली. तिने नीट चावली, गिळली, आणि म्हणाली, "चादर चावल्यासारखं लागतंय."

टेबल थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दाराशी रांग लागणार होती. लोकांना एकदा पिरोही बिघडल्याचं कळलं, की ते रस्त्यापलीकडच्या लुथरन लोकांकडे माशाच्या जेवणाला जात आणि परत येत नसत.

ओल्गाने हात पुसले. "मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "कुपनचं पीठ. फुकट देतात तर त्यात काहीतरी असणारच." मग तिने आमच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "व्हर्ना, तुझे ते वर्ग आता बस झाले. पुढच्या आठवड्यापासून पीठ पुऱ्या भावात आणू. परवडलं तर परवडलं, नाहीतर दार बंद करू."

व्हर्ना सुरी खाली ठेवून उठली. टेबलाजवळ गेली, कणकेचा एक गोळा तोडून तिने हुंगला आणि मागच्या कोठीत गेली. पिठाची खोकी तिथे होती. मीही गेले, कारण ती खोकी एकटीने हलत नाहीत.

व्हर्नाने एक पिशवी उचलली, हुंगली. दुसरी हुंगली. बहुतेक पिशव्यांना वास होता, आणि कागदाला तर कणकेहून जास्त. पीठ काय, तांदूळ काय, शेजारी जे असेल त्याचा वास ओढून घेतात. महिनोन्‌महिने साबणाला टेकून बसलेलं पीठ साबणच होऊन येतं. व्हर्नाने हे काही मला तिथे सांगितलं नाही. तिला सांगावं लागलं नाही. वासाच्या प्रत्येक पिशवीवर तारीख होती, आणि तारखेखाली ठळक अक्षरांत ओल्गा हुडाक.

ती पिशव्या एकेक करून परत खोक्यात रचू लागली, नावाची बाजू आत करून.

"रेजिना, तुला काही दिसलं?"

"पीठ दिसलं."

"बरोबर," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर ती टेबलाच्या टोकाशी उभी राहिली. तिथे ती आजवर फक्त बटाट्याचं पातेलं ठेवायला गेली होती. ती म्हणाली, पीठ चांगलं आहे, कुपनचं असो की नसो. ते साबणाशेजारी ठेवलं गेलं. साबण आणि खाण्याच्या वस्तू एका भिंतीला ठेवायच्या नाहीत हे शिकवायचं राहून गेलं, ते मी शिकवायला हवं होतं. चूक माझी आहे.

"कुणाकडचं आहे?" ओल्गाने विचारलं.

"त्याने कणीक होणार नाही, तेता."

"मी विचारते, कुणाकडचं आहे? आख्ख्या चर्चची पिरोही घालवायला निघालेली ही बाई कोण?" ओल्गाचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे. तिने भिंतीवरच्या कड्यांवरून नजर फिरवली. "या टेबलावरची असेल तर मी तिला इथून उठवते. आत्ता. तिचा खिळा तुझा. नाव सांग आणि बस."

बर्नाडेट आपलं पीठ मागच्या आठवड्यात संपलं याबद्दल देवाचे आभार मानताना दिसत होती. मी व्हर्नाच्या मागे उभी होते, तिचा चेहरा मला दिसला नाही. मानेवरची शीर तेवढी दिसली. तीस वर्षांत त्या टेबलावर बसायला तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"माझे बटाटे उकळतायत," व्हर्ना म्हणाली.

मग तिने भिंतीवरच्या फोनवरून घरी फोन लावला. आम्हाला तिची बाजू ऐकू येत होती आणि अँडीचा आवाज मोठा असल्यामुळे त्याचीही.

"अँडी, खालचं डाव्या भिंतीचं पीठ गाडीत टाक आणि चर्चला ये."

"किती?"

"सगळं."

"सगळं? मग ईस्टरचा पास्का ब्रेड कशाचा करणार?"

"अँडी."

तो आला. तिच्या घरचं वर्षभराचं पीठ त्याने तीन फेऱ्यांत खाली उतरवलं आणि कुणी न सांगता जुन्या तारखांच्या पिशव्या पुढे ठेवल्या. ओल्गाने एक पिशवी फोडून हुंगली. पुन्हा हुंगली. नव्याने कणीक मळली. संध्याकाळ व्हायच्या आत टेबलावर पांढऱ्या, सारख्या, बिनवासाच्या पिरोही ओळीने निजल्या होत्या. ओल्गाने पहिली उकडलेली खाल्ली. "चालेल," ती म्हणाली. याच्या वरचा शब्द तिच्याकडे नव्हता. वर्ग बंद करायचं तिने पुन्हा काढलं नाही, पण खिळ्याचंही काढलं नाही. बिघडलेलं पीठ व्हर्ना आणि अँडी गाडीत घालून घेऊन गेले. मी भांडी घासली.

शनिवारी मी व्हर्नाकडे कॉफीला गेले होते. मागच्या दारावर थाप पडली. दारात ओल्गा उभी, डोक्याला रुमाल, हातात झाकलेली नट रोलची थाळी. त्या घरी ती पूर्वी कधी आली नव्हती. आत येऊन तिने थाळी टेबलावर ठेवली, मला पाहून मान हलवली आणि म्हणाली, "तळघर दाखव."

आम्ही तिघी खाली उतरलो. ओल्गा सावकाश, कठड्याला धरून. साबण एका भिंतीला होता, झाकणाच्या पेटीत. समोरच्या भिंतीला डबे, साखर, शेवया. त्यांच्या शेजारच्या फळ्या रिकाम्या होत्या आणि त्यांच्यामागची भिंत वरपासून खालपर्यंत दिसत होती. ओल्गा त्या रिकाम्या फळ्यांसमोर उभी राहिली.

"काल खाली गेले होते," ती म्हणाली. "माझ्या तळघरात. उरलेलं पीठ बघायला. मला वास येत नव्हता गं. रोज तिथेच जाते, नाकाला सवय झाली. मग मी बाहेर अंगणात जाऊन गार हवेत उभी राहिले आणि परत आत आले." ती थांबली. "तेव्हा आला."

व्हर्नाने एका रिकाम्या फळीवरचं सांडलेलं पीठ हाताने पुसलं.

"माझं नाव होतं पिशवीवर. तू वाचलंस."

"हो."

"आणि मी तिथे उभी राहून विचारत होते."

"रागात होतात, तेता."

"राग असो की नसो. सगळ्यांसमोर बोलले, त्या बाईला टेबलावरून उठवीन म्हणून." ओल्गाने रुमालाची गाठ घट्ट केली. "तर ती उठली. उपवासकाळ संपेपर्यंत. पुढच्या गुरुवारी मी बटाट्याला बसते."

"असं काही करू नका. कणीक कोण मळणार?"

"तुला येत नाही?"

व्हर्नाने फळीवरचा एक डबा सरळ केला. "येते," ती म्हणाली.

"कुणी शिकवली?"

"कुणी नाही. तुमच्यापासून चार हातांवर बसते मी. बघता येतं."

ओल्गाने तिच्या हातांकडे पाहिलं. जिन्याकडे वळताना म्हणाली, "कुणी विचारलं तर माझे गुडघे दुखतायत, खाली बसून सोलणं बरं पडतं. आणि स्वतःचं कडं घेऊन ये. माझं मी कुणाला देत नाही."

ती गेल्यावर व्हर्ना परत तळघरात उतरली. डब्यांनी भरलेल्या फळ्यांसमोर ती इतका वेळ उभी राहिली की मी वरून हाक मारली. कड्याला टूनाचा डबा लागतो, उंचीला कमी आणि बेताच्या रुंदीचा. अलीकडे कंपन्यांनी ते डबे बारीक केले आहेत आणि त्यांचे गोल लहान पडतात. तिच्याकडे मागच्या रांगेत नवे होते, पुढे जुने. तिने पुढचा घेतला. अँडीने संध्याकाळी टूना खाल्ला आणि नंतर गॅरेजमध्ये बसून कानशीने डब्याची धार घासली. कशासाठी, हे त्याने विचारलं नाही. धार मात्र दोनदा घासली.

गुरुवारी व्हर्नाने कणीक मळली. आधी सैल झाली, तिने मूठभर पीठ घातलं, मग बरी झाली. बायका ओल्गाच्या गुडघ्यांबद्दल हळहळल्या आणि व्हर्नाला सरकून जागा दिली. ओल्गा माझ्या शेजारी, व्हर्नाच्या स्टुलावर. ती फार वाईट सोलायची. सालीबरोबर निम्मा बटाटा जायचा.

"तेता, जरा पातळ," मी म्हटलं.

"पातळच आहे."

मी माझी साल तिच्या सालीशेजारी ठेवली. तिने दोन्हींकडे पाहिलं. पुढचा बटाटा अधिक सावकाश सोलला, तोही तसाच झाला.

"हेच करत होती ती? इतकी वर्षं?"

"हेच."

ओल्गाने टेबलाकडे पाहिलं. व्हर्ना कड्याने गोल पाडत होती, कडेपासून कडेपर्यंत, मध्ये पीठ वाया न घालवता. "कंटाळा येतो," ओल्गा म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तिने तो पहिला गोळा फार सैल मळला होता." आणखी थोड्या वेळाने, "पण ओळखलं तिने."

ईस्टरनंतर ओल्गाचे गुडघे बरे झाले आणि पुढच्या वर्षी ती आपल्या जागेवर परत आली. व्हर्नाला कुणी उठवलं नाही. फादरनी भिंतीत एक खिळा जास्त ठोकला, थोडा वाकडा, कारण त्यांना ठोकता येत नाही. ओल्गा जाऊन आता काही वर्षं झाली. आजारी असताना तिने स्वतःच बर्नाडेटला खरी गोष्ट सांगितली, आणि बर्नाडेटला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं, म्हणून मी इथे लिहायला हरकत नाही.

व्हर्नाचा वर्ग अजून होतो. कुपनं आता बरीचशी फोनमध्ये आली आहेत, त्यामुळे निम्मा वेळ चष्मे शोधण्यात जातो. पहिल्या दिवशी ती अजूनही कात्र्या बाजूला ठेवायला लावते. मग सगळ्यांना एक पिशवी पीठ हुंगायला देते. आणि ओल्गाचा साबण फादरनी चर्चसाठी मागून घेतला होता. तो संपेपर्यंत वेदीवरच्या कापडांना लॅव्हेंडरचा वास येत असे. बिशप एकदा आले होते, त्यांनीही चर्च स्वच्छ असल्याचं आवर्जून सांगितलं.